तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

ओस्टरडालमध्ये कोणी कॉफी विचारली की आधी "छे छे, कशाला उगाच," म्हणायचं असतं. पुन्हा विचारली की "तुम्ही स्वतःसाठी करत असाल तरच हं, नाहीतर राहू द्या," म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, अर्धाच कप," म्हणायचं आणि मग पोटभर प्यायची. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात मूल जसं आपसूक चालायला लागतं, तसं ते आपसूक नको म्हणायलाही लागतं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्याला गावात कोणी नावं ठेवत नाही, कारण गावात कोणी कोणालाच नावं ठेवत नाही. "तो जरा वेगळा आहे," एवढंच म्हणतात. पण तेवढ्यावर माणूस गावातून उठतो.

अर्डिस टॉर्कल्सन ह्या विद्येत गावात अव्वल. लॉइडनं तिला मागणी घातली तेव्हा "तुला माझ्याहून बरी मिळेल," असं ती दोनदा म्हणाली होती. लॉइड इथलाच, त्यामुळे तो घाबरला नाही. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि "आता तुझं कुठंच जमत नसेल तर बघू," ह्या शब्दांवर त्यांचा सुखाचा संसार उभा राहिला. लॉइडही तिच्याच तोलाचा. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी विचारलं, "फार दुखतंय का?" तर म्हणाला, "तक्रार करण्यासारखं काही नाही." आणि दुसऱ्या दिवशी गेला.

मुख्य रस्त्यावर अर्डिसचं लेफ्साचं दुकान होतं. लेफ्सा म्हणजे उकडलेल्या बटाट्याची पोळी. नॉर्वेहून आलेल्या पणज्या-खापरपणज्यांनी ती सोबत आणली आणि इथल्या थंडीत ती टिकली. भल्यामोठ्या गोल तव्यावर भाजायची, लांब काठीनं उलटायची, लोणी-साखर लावून गुंडाळी करून खायची. अर्डिस लाटायची आणि लव्हॉन ब्रेकी भाजायची. वर्षानुवर्षं दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या, पण बोलणं हवेबद्दल आणि बटाट्यांबद्दल. लव्हॉनच्या हातून एखादी पोळी करपली तर अर्डिस फक्त "चालेल," म्हणायची. लव्हॉन तो शब्द आठवडाभर मनाला लावून घ्यायची.

दुकानाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे चर्चच्या पंगती. शरद ऋतू सुरू झाला की आसपासच्या गावागावांत चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण असतं, आणि लेफ्सा नसेल तर त्या जेवणाला कोणी जेवण म्हणत नाही. कोरोनाची साथ आली आणि पंगती बंद झाल्या. एका चर्चनं गाडीच्या खिडकीतून डबे देऊन पाहिलं, पण बर्फात उभं राहून मासळी वाटणाऱ्यांनाच न्यूमोनिया व्हायची वेळ आली. पहिला हिवाळा अर्डिसनं साठवलेल्या पैशांवर काढला. दुसऱ्या हिवाळ्यात मोठ्या तव्यानं मान टाकली. वसंतात तिनं लव्हॉनला समोर बसवलं. कामावरून काढते, असं तोंडानं म्हणणं तिला शक्यच नव्हतं. ती तासभर वितळत्या बर्फाबद्दल बोलली.

शेवटी लव्हॉननंच विचारलं, "मी उद्यापासून येऊ नको ना?"

"तुला जमत असेल तर," अर्डिस म्हणाली.

मग लव्हॉनला बेकारी भत्ता सुरू झाला. साथीत सगळं राज्यच घरी बसलं होतं, त्यामुळे बेकारी निधीचा रांजण तळाला गेला होता. तो पुन्हा भरायचा म्हणजे दुकानदारांचा कर वाढणार, आणि अर्डिसला तो वाढीव कर भरताना उरलासुरला छोटा तवाही विकावा लागला असता. पण वॉशिंग्टनहून साथीच्या मदतीचा पैसा आला, आणि राज्यानं त्यातला मोठा वाटा त्या रांजणात ओतला. कर वाढला नाही, लव्हॉनचा भत्ताही अडला नाही. ही मदत अर्डिसनं मुकाट्यानं घेतली. त्याचं कारण सोपं आहे. तिथं तिला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं आणि सगळं राज्य बुडालं असतं.

घोडं अडलं ते पुढं. त्याच मदतीतला एक वाटा आमच्या कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, मिळाला, छोट्या धंद्यांना वाटायला. वाटण्यासाठी कौंटीनं एक बाई नेमली, रोझान पास्कुची. कामाला वाघीण, मनानं चांगली, पण न्यू जर्सीची. तिच्याकडं लोक मनातलं तोंडावर बोलतात आणि तोंडावरचं विसरून जातात. तिनं ठरवलं, कागद पाठवून कोण वाचतंय, आपण स्वतः दुकानादुकानात जायचं. विचार उत्तम होता. त्यानंच सगळा घात केला.

सप्टेंबरात एका सकाळी ती अर्डिसच्या दुकानात शिरली. थंडीची चुणूक लागली होती आणि अर्डिस आत कोट घालून बसली होती.

"अर्डिस टॉर्कल्सन ना तुम्ही? मी रोझान, कौंटीकडून आलेय. चांगली बातमी आहे. तुमचं दुकान बसतंय आमच्या नियमात. दहा हजार डॉलर. परत करायचे नाहीत. पाहिजेत?"

अर्डिसच्या पोटात एकदम ऊब आली. यंदा पंगती पुन्हा सुरू होणार होत्या; मोठा तवा दुरुस्त होईल, बटाटे भरता येतील, हंगामाआधी लव्हॉनला बोलावता येईल. हे सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि चांगल्या घरची बाई जे म्हणेल ते ती म्हणाली.

"छे छे, मला कशाला? माझ्याहून नडलेले किती तरी असतील."

"नक्की?"

"अहो, खरंच. दुसऱ्या कोणाला द्या. माझं चाललंय. ह्याहून वाईट असतं."

"ओके!" रोझान म्हणाली, वहीत काट मारली आणि वळली.

अर्डिसला वाटलं, आता दारात थांबेल. आमच्याकडं निरोप म्हणजे छोटा मुक्कामच असतो. गुडघ्यांवर थाप मारून "बरं, निघते," म्हणायचं, मग दारात पाव तास, मग अंगणात, मग गाडीची काच खाली करून. महत्त्वाचं सगळं त्या काचेतूनच बोललं जातं. तिसरं विचारणं तिथं होईल अशा हिशोबानं अर्डिस कॉफीची किटली हातात घेऊनच बाहेर आली. तोवर रोझानची गाडी धान्याच्या कोठारापाशी वळत होती. अर्डिस किटली धरून फुटपाथवर उभी राहिली. समोरून वर्लिन आस्लेसननं, तो करवती आणि बर्फावर घसरायच्या स्केट्सना धार लावतो, हात हलवला. तिनंही हलवला.

दोन दिवसांनी कळलं की रोझान वर्लिनकडंही गेली होती. तोही नको म्हणाला होता. केस कापणारी नको म्हणाली होती, चेंडूनं लाकडी बाहुल्या पाडायच्या खेळाचा हॉल चालवणारा बोलिंगवाला नको म्हणाला होता. अख्खा रस्ता नको म्हणाला होता. रोझाननं वर कळवलं की ओस्टरडाल हे फार स्वाभिमानी गाव आहे आणि इथं कोणालाच पैशांची गरज नाही. वर्तमानपत्रात तसं छापून आलं. गावानं ते वाचलं आणि सगळे जण "छान लिहिलंय," म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो!

"पुन्हा येईल गं ती," वर्लिन म्हणाला.

"येईलच की," अर्डिस म्हणाली.

ती आली नाही. उलट बातमी आली की उरलेला पैसा कौंटी रस्त्यांच्या कामात घालणार. बर्फ काढायची एक नवी गाडी घ्यायची. सभेत ठराव झाला की संपलं.

त्याच आठवड्यात लव्हॉन दुकानात येऊन गेली. भत्ता संपला होता. तिची मुलगी ॲरिझोनात असते. तिनं आईसाठी खोली तयार ठेवली होती.

"म्हणतेय ये म्हणून," लव्हॉन म्हणाली आणि छोट्या तव्यावरची नसलेली धूळ बोटानं पुसली. "मी अजून काही कळवलं नाही. बघू म्हटलं."

हे आमच्या भागातलं आक्रंदन होतं. ह्याहून मोठ्यानं इथं कोणी 'मला थांबव' म्हणत नाही. अर्डिसला ते नीट ऐकू आलं. पण द्यायला पगार नाही, तर कोणत्या तोंडानं थांबवायचं? आणि पगार असता तरी तिला ते जमलं असतं का, हा प्रश्नच आहे.

"ऊन छान असतं म्हणे तिकडं," अर्डिस म्हणाली.

"असतं म्हणे," लव्हॉन म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी अर्डिसनं ठरवलं की आपण रोझानला भेटायचं. मागायचं नाही, शांतं पापं, पण तिला पुन्हा विचारायची संधी द्यायची. तिनं डझनभर लेफ्सा भाजल्या, कापडात गुंडाळल्या आणि कौंटीच्या मुख्य गावी, रोझानच्या कचेरीत, गाडी नेली. आवळा देऊन कोहळा काढण्यातली ती बाई नव्हे. पण त्या दिवशी तिच्या मांडीवर आवळा होता आणि मनात कोहळा होता, हे खरं आहे.

"इकडूनच चालले होते," ती रोझानला म्हणाली. तिचं गाव तिथून पाऊण तासावर आणि रस्ता पुढं फक्त तळ्यात जातो.

"वा! हे काय, टॉर्टिया?"

लेफ्साला मेक्सिकन पोळी म्हणण्याचा हा अपमान अर्डिसनं गिळला. "लेफ्सा. शेवटच्याच म्हणायच्या. यंदा बहुधा व्हायच्या नाहीत."

"अरेरे! मला फार आवडतील असं वाटतंय." रोझाननं एक तशीच कोरडी तोंडात कोंबली. "मस्त!"

"तवा बिघडलाय ना," अर्डिस छताकडं बघत म्हणाली. "तवे महाग झालेत हल्ली."

"सगळंच महाग झालंय. माझ्या गाडीचे टायर सांगू का तुम्हाला?" आणि तिनं टायर सांगितले, ब्रेक सांगितले, गॅरेजवाल्याच्या आईवरून दोन शब्द सांगितले. अर्डिस मान डोलावत राहिली. शेवटी रोझान थांबली, पुढं वाकली आणि अगदी मनापासून म्हणाली, "अर्डिस, तुम्हाला काही हवं होतं का?"

म्हणजे देवानं दार उघडून वर पायपुसणं घातलं. आणि अर्डिसच्या तोंडातून, तिची परवानगी न घेता, जन्माची सवय बाहेर आली.

"छे, छे. मला काय हवंय?"

परत येताना ती गाडीत स्वतःवर इतकी चिडली की मोठ्यानं "अरेच्चा" म्हणाली. अर्डिसच्या तोंडी ही शिवी समजायची. भीड ही भिकेची बहीण, म्हणतात ते खोटं नाही, फक्त आमच्या गावात ही बहीण फार देखणी दिसते. नम्रता म्हणून आम्ही तिला घराघरात पाटावर बसवलं आहे.

सभा ओस्टरडालच्याच चर्चच्या तळघरात होती. गाव लोटलं. पुढच्या सगळ्या रांगा रिकाम्या आणि मागच्या भिंतीला माणसांची चिकटाचिकटी. कॉफीच्या पिंपापाशी लव्हॉन पर्स मांडीवर घेऊन बसली होती. कौंटीचे अध्यक्ष जाडजूड आणि इथलेच. त्यांनी बर्फगाडीचा ठराव वाचला आणि विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?"

कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. अध्यक्षांनी पेन उचललं.  अर्डिसला स्वतःसाठी उठणं शक्य नव्हतं. पण मग तिच्या नजरेसमोर वर्लिनची मान आली, न कापलेल्या केसांची. आणि तिला एकदम आठवलं की दुसऱ्यासाठी उठायला आमच्याकडं कसलीच बंदी नाही.

"मला माझ्यासाठी काही बोलायचं नाहीये," ती उभी राहून म्हणाली. "पण वर्लिनला त्यातले द्या. त्यानं घरातली शेगडी बंद ठेवलीय. दुकानातच झोपतो, करवतींच्या बाजूला."

वर्लिनचे कान लाल झाले. तो ताडकन उठला. "अर्डिस, खाली बस! मला तिथं बरं वाटतं म्हणून झोपतो. आणि स्वतःचं सांग की! मोठा तवा बंद आहे हिचा. आत कोट घालून बसते, वर टोपी! मला दिसत नाही का समोरून?"

"टोपी मला आवडते!"

"आवडते म्हणे! आणि बोलिंगवाल्याचं छत गळतंय, ते कोण सांगणार?"

"माझं छत काढायचं कारण नाही," बोलिंगवाला गरजला. "केसवाल्या बाईनं लग्नातली अंगठी विकली, ती आधी भरून द्या!"

मग जो काही गोंधळ उठला, तसा त्या तळघरानं कधी पाहिला नव्हता. जो तो शेजाऱ्याची अब्रू प्रेमानं चव्हाट्यावर मांडत होता. पिढ्यान् पिढ्या झाकून ठेवलेली सगळ्या गावाची नड पाच मिनिटांत बाहेर पडली आणि प्रत्येक जण "माझं नाही, त्याचं!" म्हणून ओरडत होता.

"थांबा!" रोझान खुर्चीवरच चढली. "थांबा, थांबा! मी तुमच्या प्रत्येकाच्या दुकानात आले होते. विचारलं होतं. सगळे नको म्हणालात!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वर्लिन बूट न्याहाळत म्हणाला, "दोनदाच विचारलंत."

"दोनदाच म्हणजे?"

"म्हणजे... तिसऱ्यांदा विचारायचं असतं."

"कुठं लिहिलंय?"

"लिहायचं कशाला?" वर्लिनला खरंच कळेना. "सगळ्यांना ठाऊक आहे."

रोझान हळूहळू खुर्चीवरून उतरली. "आमच्याकडं दुसऱ्यांदा विचारलं तर लोक म्हणतात, बहिरी आहेस का गं," ती म्हणाली. मग तिनं चेहऱ्यावरून हात फिरवला आणि सरळ अर्डिसपुढं येऊन उभी राहिली. "ठीक आहे. हे तिसरं. अर्डिस, पैसे पाहिजेत?"

अर्डिसनं घसा साफ केला. "म्हणजे, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नसतील... आणि तुम्हाला फार त्रास होणार नसेल..."

"हो म्हणाली," अध्यक्ष म्हणाले आणि लिहायला लागले.

"नाही, हे हो नव्हे!" रोझान म्हणाली. "हे मला कळत नाही, आणि हिशोब तपासायला बाहेरून माणूस येईल त्यालाही कळायचं नाही. हा लोकांचा पैसा आहे, साहेब. मला हो पाहिजे. अर्डिस, हो का नाही?"

आता तळघरात कॉफीचं पिंप तेवढं सूं सूं करत होतं. अर्डिसनं मागं वळून पाहिलं. लव्हॉननं पर्सची क्लिप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिची नजर जमिनीवर होती. अर्डिसला वाटलं, आपण आत्ता मेलो तर बरं. मग वाटलं, मेलो तर ही ॲरिझोनाला जाईल.

"हो," अर्डिस म्हणाली. "पाहिजेत. मला दुकान बंद करायचं नाहीये."

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवरून तो घुमून परत आला. कोणी तरी चमचा पाडला. एक म्हातारा दुसऱ्याला कुजबुजला, "टॉर्कल्सनांकडं असं आधी नव्हतं." पण लगेच कोपऱ्यातून केसवाली बाई म्हणाली, "मलाही. हो." आणि वर्लिननं, बुटांवरची नजर न काढता, हात वर केला. बर्फगाडीचा ठराव पुढच्या वर्षावर गेला. जुनी गाडी अजून बरी चालत होती.

अर्डिस कोणाचा निरोप न घेता बाहेर पडली. एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती आणि एवढं हलकंही. लव्हॉन तिच्या आधीच गाडीपाशी पोहोचली होती, किल्ली हातात.

"चांगलं झालं, अर्डिस," ती म्हणाली. "आता तरुण मुलगी ठेवता येईल तुला एखादी. माझी मुलगी म्हणतेय, पुढच्या आठवड्यात ये. तिकडं ऊन..."

छान होईल तुला, हे शब्द अर्डिसच्या ओठांपर्यंत आले होते. तिनं ते तिथंच थांबवले.

"जाऊ नकोस, लव्हॉन."

लव्हॉन किल्लीकडं बघत राहिली. "दुकानासाठी म्हणतेस?"

"दुकानासाठीही. पण मला तुझ्याशिवाय करमत नाही. मी रोज तिथं एकटी बसते, काम नसताना. तुझ्या बाजूला बघते आणि परत समोर बघते. तुला मी आधीच म्हणायला हवं होतं. वसंतातच म्हणायला हवं होतं."

"हळू बोल गं," लव्हॉन म्हणाली. तिनं रुमाल काढून नाक पुसलं. "वर्लिन बघतोय."

"बघू दे."

 मागं लोक चर्चमधून बाहेर पडत होते, गाड्यांपाशी थांबत होते, काचा खाली करत होते. लव्हॉननं रुमालाची घडी घातली, पर्समध्ये टाकली, क्लिप मिटली.

"बटाटे मात्र मी सोलणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पण तुला तर आवडतं सोलायला!"

"कधीच आवडलं नाही. तू विचारायचीस, मी काय म्हणणार होते?"

अर्डिस तिच्याकडं बघतच राहिली. इतक्या हंगामांचे बटाटे! गाडीभर, पोतंभर, डोंगरभर बटाटे, आणि ह्या बाईनं एकेक सोलताना दातओठ खाल्ले होते. हा नकार खरा आहे, हे तिला पहिल्याच झटक्यात कळलं, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

"मग सोलणार कोण?" ती म्हणाली.

"यंत्र घे," लव्हॉन गाडीत बसत म्हणाली. "पैसे आलेत ना आता."